शंभर दिवसांनंतर

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये २० मार्च १९८३ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाचा बोन मॅरो देण्यात आला. तिला रक्ताचा कॅन्सर होता. डॉ. सुरेश अडवाणी हे तंत्र सिअ‍ॅटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. लहानपणी पोलिओ झालेला हा डॉक्टर व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरायचा, आणि भारतातलं पहिलं यशस्वी मॅरो प्रत्यारोपण त्याच्या हातून झालं. आमच्या घरात नेमकं उलट घडलं. आजारी होता माझा धाकटा भाऊ आणि डोनर मी. शाळेत मी इतिहास शिकवते, त्यामुळे या उपचाराच्या मागे मागे जात राहिले.

पेशी रुजल्या, काउंट वाढले, पेशंट घरी गेला, इथे ही कथा बहुतेक जण संपवतात. आमची तिथून सुरू झाली. मुंबईत शंभर दिवस काढून आम्ही संभाजीनगरला परतलो आणि काही महिन्यांनी भावाच्या गालांच्या आतून पांढरी जाळी दिसू लागली. साधी टूथपेस्टही झोंबायची. ठेच्याशिवाय न जेवणारा मुलगा दूधभात खाऊ लागला. मग डोळे कोरडे पडले, हाताची कातडी ताठ झाली, मांडी घालून बसणं गेलं. निदान झालं क्रॉनिक जीव्हीएचडी, म्हणजे दीर्घकालीन ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज. माझ्या पेशींनी त्याच्या शरीराला परकं ठरवलं होतं.

हा आजार माणसात दिसण्याआधी उंदरांत दिसला. १९५६ साली इंग्लंडमधल्या हार्वेलला बार्न्स आणि लाउटिट यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना किरणांचा मारा करून दुसऱ्या वाणाच्या उंदरांचा मॅरो दिला. ल्युकेमिया हटला, पण उंदीर जुलाबांनी झिजून मेले. दोन वर्षांनी युगोस्लाव्हियात विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. किरणोत्सर्गाने भाजलेल्या शास्त्रज्ञांना पॅरिसला नेलं आणि तिथे जॉर्ज माते यांनी त्यांतल्या पाच जणांना फ्रेंच दात्यांचा मॅरो दिला. त्या दात्यांत चार मुलांची एक आई होती. ओळख ना पाळख, भाषाही वेगळी, आणि ती सुईखाली झोपली. तिची मला फार आठवण येते.

मॅच जुळवण्याची विद्या नंतर आली. तिचा आधार असलेल्या, पेशींवरच्या एचएलए या खुणांपैकी पहिली मात्र ज्याँ दोसे यांनी त्याच १९५८ मध्ये ओळखली. या खुणांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमची जुळली तेव्हा आईने पेढे वाटले. पण मॅच पूर्ण असली तरी भांडण मिटत नाही. पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्रामुळे काही अशा खुणा असतात, ज्या बाईच्या पेशींनी कधी पाहिलेल्याच नसतात. मुलं झालेल्या बाईच्या पेशी तर त्यांच्याबाबत जास्तच सावध असू शकतात. म्हणून बहिणीने भावाला दिलं की या आजाराचा धोका वाढतो. डॉक्टरांनी हे आधीच समजावलं होतं. मला दोन मुलं आहेत. दुसरा डोनर नव्हता आणि ल्युकेमिया थांबणार नव्हता.

१९८० साली सिअ‍ॅटलच्या शुलमन आणि सहकाऱ्यांनी वीस पेशंटांचा दीर्घ अभ्यास छापला. ताठलेली कातडी, आटलेले अश्रू, सुकलेलं तोंड, बिघडलेलं यकृत. पूर्वी वेगवेगळी भासणारी दुखणी त्यांनी एका आजाराखाली आणली. त्या काळी नियम सोपा होता: शंभर दिवसांच्या आतला आजार तीव्र, नंतरचा दीर्घकालीन. २००५ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांनी ही रेघ पुसली आणि दिवसांऐवजी लक्षणांवरून निदान करायला सांगितलं. एकेका अवयवाला गुण देण्याची पद्धतही तेव्हाच ठरली. हे पाऊल मला नव्या औषधांइतकंच मोठं वाटतं.

भावाने एकदा वैतागून विचारलं, "डॉक्टर, या पेशी एवढा छळ करतायत, तर मारून का टाकत नाही?" त्याचं उत्तर १९७९ मधलं आहे. ज्यांना जीव्हीएचडी झाला त्यांच्यात ल्युकेमिया कमी वेळा परततो, हे सिअ‍ॅटलच्याच पॉल वायडन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ज्या पेशी त्याची कातडी आवळत होत्या, त्याच लपलेल्या कॅन्सरपेशी शोधून मारत होत्या. त्यांना पार नामशेष करून चालत नाही, आवरायचं असतं, आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

आवरण्याचं मुख्य औषध म्हणजे स्टेरॉइड, आमच्या घरात वायसोलोन. त्याने तोंड सुजलं, साखर चढली, हाडं दुखू लागली. निम्म्यांच्या आसपास पेशंटांना एवढ्याने पुरत नाही. त्यांच्यासाठी कित्येक दशकं इतर औषधं अंदाजाने वापरली गेली. खास या आजारासाठी अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं औषध इब्रुटिनिब, तेही २०१७ साली. २०२१ मध्ये बेलुमोसुडिल आणि रुक्सोलिटिनिब आली. भाऊ आज रुक्सोलिटिनिबवर आहे. स्टेरॉइड उतरतंय, कोपर आता पूर्ण सरळ होतो.

रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी दादर, तपासणी करून परत, हा फॉलोअप अजून चालू आहे. पण दोन फेऱ्यांच्या मधले दिवस याच गावात जातात. इथे नळाला आठवडाभराने पाणी येतं, साठवलेलं पाणी या औषधांवरच्या माणसाला बाधू शकतं, म्हणून थेंब न् थेंब उकळायचा. उन्हाने कातडीचा आजार भडकतो आणि मे महिन्यात पारा बेचाळीसवर. त्याच्या डोळ्यांचं निदान इथल्याच नेत्रतज्ज्ञांनी केलं. पापणीखाली कागदाची पट्टी ठेवली, ती पाच मिनिटांत पाच मिलिमीटरही भिजली नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी मुंबईला फोन लावला.

आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि केमोसाठी मुंबई गाठण्याची मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची पायपीट त्यामुळे वाचली. प्रत्यारोपणानंतरची काळजीही इतकीच जवळ यावी, यासाठी मी भेटेल त्या डॉक्टरांशी बोलते. तोंडात पांढरी जाळी, कोरडे डोळे, न वळणारं मनगट किंवा जिना चढताना नव्याने लागणारी धाप घेऊन प्रत्यारोपण झालेला माणूस दवाखान्यात आला, तर साधा खोकला-ॲलर्जी समजून त्याला घरी पाठवू नका, असं सांगते. धाप लागत असेल तर फुंकायची टेस्ट त्याच आठवड्यात व्हायला हवी, कारण फुप्फुसाचं गेलेलं बळ सहसा परत येत नाही.