ब्रँडप्रतिमेचे कृतिशिक्षण (नेदरलँड्स)

नाव, चिन्ह, वेष्टन व जाहिरात यांच्या योगाने एखाद्या मालाविषयी ग्राहकाच्या मनात जी समजूत दृढ होते, तिला ब्रँडप्रतिमा म्हणतात. आणि ती समजूत आपल्याच निवाड्यात कशी शिरते, हे विद्यार्थ्यास प्रत्यक्ष माल हाताळून व चाखून पडताळू देणारी अध्यापनपद्धती म्हणजे तिचे कृतिशिक्षण होय.

*आवश्यकता :* पॅटी व्हाल्केनबुर्ख व मोनिक बाउझेन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते आठ वर्षांच्या १९६ मुलांना बारा चिन्हे दाखविली असता, दोन-तीन वर्षांच्या बालकांनी त्यांपैकी आठ ओळखली, मात्र नाव सांगता आले ते एकाचेच. अक्षरओळख होण्यापूर्वीच मार्का मनात ठसतो, तेव्हा त्याची चिकित्सा शाळेने लवकर शिकविणे अगत्याचे ठरते. त्याच वर्षी डच शासनाच्या संस्कृती-सल्लागार मंडळाने माध्यमविवेकाची, म्हणजे माध्यमांकडे जाणतेपणाने व चिकित्सकपणे पाहण्याची, संकल्पना पुरस्कारिली. ब्रँडविषयक पाठांना तिच्यात स्वाभाविक स्थान आहे.

*पद्धती :* डच मुले लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे बारीक कण, म्हणजे हाखेलस्लाख, पेरून खातात. नामांकित कंपनीचे व दुकानाच्या स्वतःच्या छापाचे कण केवळ क्रमांक घातलेल्या बश्यांत ठेवून विद्यार्थ्यांकडून गुण घ्यावेत, नंतर खोकी समोर मांडून तेच पुन्हा चाखवावेत आणि दोन्ही वेळचे गुण फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत : जिन्नस तोच व जीभही तीच असता जो फरक पडेल, त्यात नावाचा वाटा किती, याची चर्चा वर्गाने करावी. वेष्टनाच्या अभ्यासास हार्लेमच्या द्रोस्त कोकोचा जुना डबा उत्तम नमुना आहे. त्यावरील परिचारिकावेषातील स्त्रीच्या हाती तबक, तबकात तोच डबा व त्या डब्यावर पुन्हा तीच स्त्री, असे चित्र आहे. कोको विकण्यास परिचारिकाच का योजिली, या एका प्रश्नातून पेयाशी आरोग्याची कल्पना कशी जोडली जाते, ते मुलांच्या ध्यानी येते.

*मर्यादा :* जाहिरातीचा हेतू ठाऊक असणे म्हणजे तिच्या प्रभावापासून संरक्षण नव्हे, कारण ऐन निवडीच्या क्षणी ते ज्ञान मुलांना आठवेलच असे नाही, हे एस्टर रोझेंडाल व सहकाऱ्यांनी २०११ साली साधार मांडले. म्हणूनच व्याख्यानापेक्षा कृतीस महत्त्व द्यावे, आणि ती एकदाच करून न थांबता निरनिराळ्या जिनसांवर पुनःपुन्हा करावी. शिक्षकाने निष्कर्ष आधीच ठरवून ठेवू नये. नाव झाकूनही नामांकित मालच सरस ठरला, तर तोही निकाल तितक्याच प्रामाणिकपणे फळ्यावर लिहिला गेला पाहिजे, कारण येथे शिकवावयाची आहे ती परीक्षा, द्वेष नव्हे.