निशिगंधाचा रात्रीचा पाहुणा

निशिगंध म्हणा की गुलछडी, हारवाल्यांच्या बाजारात हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण हा कंद मूळचा आपला नव्हे, मेक्सिकोचा. तिथले नाहुआ लोक आपल्या भाषेत त्याला 'हाडाचं फूल' म्हणत. पांढऱ्याफेक फुलाला नाव शोभतं खरं! सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांच्या हातून तो युरोपात पोचला. माणसानं तो इतकी शतकं लावला, की मूळचा रानटी निशिगंध आज कुठं सापडत नाही.

त्याचं रानातलं वळण मात्र गेलेलं नाही. पांढरा रंग, लांब नळी, अंधार पडल्यावरचा घमघमाट, हे सगळं रात्रीच्या पतंगांसाठी. हॉक मॉथ नावाचे मोठे पतंग फुलासमोर हवेतच थांबतात आणि लांब सोंड नळीत घालून मध पितात. असे पतंग आपल्याकडंही आहेत.

अठराव्या शतकात हॉलंडमधल्या लायडन गावी ल कूर नावाच्या बागवानानं भरगच्च पाकळ्यांचा दुहेरी निशिगंध केला. गडी असा हट्टी, की जास्तीचे कंद दुसऱ्याला देण्यापेक्षा तो त्यांचे तुकडे करून टाकी. पुढं ती जात सगळीकडं पसरलीच. गुच्छाला ती छान दिसते, पण पाकळ्यांच्या गर्दीत पतंगाला वाट मिळणं अवघड.

हारासाठी आपण एकेरी लावतो, पण कळी उमलण्याआधी पहाटेच तोडतो. म्हणजे संध्याकाळी पतंग आला तर त्याला काय मिळणार? म्हणून घराजवळ किंवा बांधालगत एकेरी निशिगंधाची एक ओळ न तोडता उमलू द्यावी. एप्रिल-मे महिन्यात, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे निरोगी कंद लावावेत. मुळांवर गाठी धरणाऱ्या सूत्रकृमीचा त्रास असेल तर बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची 'शृंगार' ही एकेरी जात बघावी. ती या किडीला बरीच दाद देत नाही. त्या ओळीवर विषारी फवारा मारू नये, संध्याकाळी तर नाहीच.

आणखी एक. रताळ्याच्या वेलावर शेपटीला शिंग असलेली लठ्ठ अळी दिसते ना, ती अशाच एका पतंगाची. दोन-चारच असतील तर औषध कशाला? हातानं वेचून बांधावरच्या गारवेलीवर सोडा.