कशावरून?

परवा शेजारची मुलगी वही घेऊन आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. "सर, शोधनिबंध लिहायचाय, जरा बघता का?" विषय होता महाबळेश्वरचा इतिहास. पहिलेच वाक्य : 'महाबळेश्वर इंग्रजांनी शोधून काढले.'

मी विचारले, "कशावरून?"

"सगळे तसंच म्हणतात ना सर. पॉइंटांची नावं बघा की... लॉडविक, विल्सन, आर्थर."

मग मी तिला माझीच एक चूक सांगितली.

नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. एका मुलाने शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल उत्तरपत्रिकेत १६३० लिहिले. मी लहानपणापासून १६२७ घोकलेले. लाल शाईने फुली मारली. मुलगा टेबलापाशी आला. "सर, आजोबांच्या पुस्तकात १६३० आहे." मी म्हटले, "जागेवर जाऊन बस." कोणते पुस्तक, कशावरून, एवढे विचारायचेही मला सुचले नाही!

पुढे वाचनालयात बसून हा वाद मुळापासून वाचला, तेव्हा मान खाली गेली. १६२७ हे साल बखरींच्या परंपरेतून आलेले. त्यांतली चिटणीसांची बखर तर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. लोकमान्य टिळकांना भोरकडच्या कारीच्या जेध्यांकडून एक शकावली मिळाली, ती त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. अफझलखानाच्या वेळी महाराजांच्या बाजूने उभे राहिलेल्या कान्होजींचे हे घराणे. त्यांच्या शकावलीत जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

पण एका घरातल्या एका कागदावर सगळ्यांनी विश्वास का ठेवावा? शंका रास्त होती. मग तंजावरला कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' हाती लागले. स. म. दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. परमानंद महाराजांचे समकालीन. त्यांच्या काव्यातही तीच तिथी! पुढे राजस्थानात सापडलेल्या जन्मकुंडलीनेही तेच सांगितले. मावळातला देशमुख, तंजावरची पोथी आणि राजस्थानातला ज्योतिषी... तिघांनी ठरवून खोटे लिहिले असेल, असे कोण म्हणेल? आज शासकीय जयंती १९ फेब्रुवारीलाच असते.

मुलीला म्हटले, शोधनिबंधाचे सगळे मर्म यात आले. प्रश्न लहान घ्यावा. घटनेच्या जास्तीत जास्त जवळचा कागद शोधावा. मग पहिल्यावरून न उतरवलेला दुसरा शोधावा. विरुद्ध मत लपवू नये, उलट ते सगळ्या जोरानिशी मांडावे आणि मग उत्तर द्यावे. आणि कागद जेवढे बोलतो तेवढेच आपण बोलावे. विशेषणांनी वाचक दबतो, पण त्याला पटत नाही.

"मग माझं पहिलं वाक्य?"

आम्ही ते तपासायला घेतले. क्षेत्र महाबळेश्वरचे देऊळ इंग्रजांच्या कितीतरी आधीचे. समोर प्रतापगड, तिथे अफझलखानाचा वध झाला १६५९ मध्ये. आणि १८२९ मध्ये माल्कमसाहेबाच्या कारकिर्दीत इंग्रजांनी ही जागा घेतली ती साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून, वाईकडचे खंडाळा गाव बदल्यात देऊन.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, मोबदला देऊन घेतलेली जागा 'शोधून काढली' कशी म्हणायची?"

हे मात्र मला सुचले नव्हते! वाक्य तिने स्वतःच खोडले. नवे लिहिले : 'इंग्रजांनी महाबळेश्वर शोधले नाही, बदल्यात घेतले आणि तिथे थंड हवेचे ठिकाण वसवले.' आता हे ती कागदांनिशी सिद्ध करणार आहे.

ती गेल्यावर तो मुलगा आठवत राहिला. आता साठीला आला असेल. त्याचा एक गुण अजून माझ्याकडे बाकी आहे.