दूधवाल्याची राजदूत ते एक्सपल्स: रस्ता आणि रान, दोन्हीसाठी पहिली बाईक

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. वसई-विरारकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो: सोमवार ते शुक्रवार स्टेशन आणि ऑफिस, रविवारी मनोर-विक्रमगडवरून जव्हारकडे, मध्येच एखाद्या कच्च्या वाटेला आत. दोन्ही जमेल अशी पहिली बाईक कुठली? एक नाव सांगून मोकळं होता येईल. पण ही जात जन्माला कशी आली आणि आपल्याकडे इतक्या उशिरा का आली, हे कळलं की शोरूममध्ये काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल. म्हणून आधी इतिहास.

सुरुवात बुलेटपासून. हो, तीच धडधड करत जाणारी बुलेट. १९४८ साली इटलीत सान रेमोला इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल झाली. सहा दिवस डोंगर, दगड, चिखल. तिथे ब्रिटनच्या विजेत्या संघात नव्या बुलेट होत्या, आणि त्यांच्या मागच्या चाकाला स्विंगआर्म सस्पेन्शन होतं. तेव्हा बहुतेक गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसायचं. पुढे १९५२ आणि १९५७ मध्ये जॉनी ब्रिटन या रायडरने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल बुलेटवर जिंकली. म्हणजे लग्नाच्या वरातीत मिरवणारी ही गाडी मुळात चिखलात पास झालेली आहे! पन्नाशीच्या दशकात आपल्या सैन्याने ती सीमेवरच्या गस्तीसाठी घेतली, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली.

त्या काळात ‘रस्त्याची गाडी’ आणि ‘रानाची गाडी’ अशी वाटणीच नव्हती. ती झाली अमेरिकेत. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शनिवार-रविवारी हौसेने गाड्या पळवणारी पोरं होती. त्यांच्याकडे असायच्या ट्रायम्फसारख्या जड ब्रिटिश गाड्या, दिवे वगैरे काढून हलक्या केलेल्या. जपानी कंपन्यांनी हे बघितलं. १९६२ मध्ये होंडाने सीएल ७२ आणली: रस्त्याचीच २५० सीसी गाडी, सायलेन्सर बाजूने वर उचललेले. त्याच वर्षी डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर हे दोघं मेक्सिकोत तिहुआनापासून ला पाझपर्यंत त्या गाडीवर गेले. जवळजवळ दीड हजार किलोमीटर, बराचसा भाग रस्ता नसलेला. एकिन्सला ४० तासांना थोडा कमी वेळ लागला.

पण सीएल ७२ ही वेश बदललेली रोड बाईकच होती. खरा बदल १९६८ मध्ये यामाहाच्या डीटी-१ ने केला. एका सिलिंडरचं २५० सीसी टू-स्ट्रोक इंजिन, वजन साधारण ११० किलो, रानासाठीच आखलेली चासी आणि वर दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट. ट्रेलरवर न लादता घरून चालवत न्यायची, जंगलात खेळायचं, तीच चालवत घरी यायचं. पुढची गंमत जर्मनीत. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने ८०० सीसीची आर ८० जी/एस काढली. यातल्या ‘जी/एस’चा अर्थ गेलेंडे आणि श्ट्रासे, म्हणजे रान आणि रस्ता. १९८१ मध्ये ह्युबर्ट ओरिऑलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डकार जिंकली, आणि तिथून ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाची मोठी, लांब पल्ल्याची गाडी वेगळी वाढू लागली. आजही शोरूममध्ये या दोन जाती एकाच नावाखाली उभ्या असतात: एक हलकी, चिखलात पाडायला हरकत नसलेली, दुसरी जड, हायवेवर सुखाची. पहिल्यांदा घेणाऱ्याचा सगळा गोंधळ इथेच होतो.

मग हे चालू असताना आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे राजदूत होती. फरिदाबादला एस्कॉर्ट्स कंपनी पोलंडच्या एसएचएल गाडीच्या डिझाइनवर ही १७५ सीसी गाडी बनवायची. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली राजदूत आपल्या आजोबांच्या पिढीने गावागावात बघितलीय. तिला कोणी ड्युअल-पर्पज म्हटलं नाही, कारण दुसरा पर्पजच नव्हता. रस्ता हाच कच्चा. मग १९८४-८५ पासून जपानी भागीदारीतल्या १०० सीसी गाड्या आल्या, त्यांनी मायलेजचं वेड लावलं, आणि पाड्यावरचा रस्ताही त्याच गाड्यांच्या वाट्याला आला. आजही मोखाड्याच्या चढावर स्प्लेंडरवर तीन माणसं आणि तांदळाचं पोतं दिसेल. अमेरिकेत रान ही हौस होती म्हणून वेगळी गाडी निघाली. आपल्याकडे खराब रस्ता हे रोजचं काम होतं, आणि ते काम स्वस्त कम्युटर रडतखडत का होईना, करत होती. माझ्या मते उशिराचं खरं कारण हेच.

म्हणूनच हिरो इम्पल्सचं जे झालं ते समजून घेण्यासारखं आहे. हिरो आणि होंडा वेगळे झाले, आणि २०११ मध्ये हिरो मोटोकॉर्पने नव्या नावाने ही गाडी आणली. वजन १३४ किलो, पुढे १९ इंची चाक, लांब सस्पेन्शन, ग्राउंड क्लिअरन्स २४५ मिलिमीटर, किंमत सत्तर हजारांच्या आत. कागदावर एकदम बरोबर. हिच्यासारखीच होंडाची ब्रॉस ब्राझीलमध्ये धो धो खपत होती. आपल्याकडे इम्पल्स चालली नाही. इंजिन हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीममधलंच १५० सीसी, त्यामुळे हायवेवर दम कमी. सीट ८३६ मिलिमीटर उंच, म्हणजे मागे साडी नेसून बसणाऱ्या बाईंची पंचाईत. वर शेजारचा म्हणणार, एवढ्या पैशात पल्सर येते की! २०१७ च्या सुमारास नवे उत्सर्जन नियम आले आणि ती गेली. गंमत म्हणजे आज जुनी इम्पल्स शोधत फिरणारे लोक आहेत. तुम्ही त्यातले असाल तर आधी सुट्या भागांची चौकशी करा, मग टोकन द्या.

मधल्या काळात हवा बदलली. लडाखची ट्रिप मध्यमवर्गाच्या यादीत आली. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसी हिमालयन आली: २१ इंची पुढचं चाक, सीट फक्त ८०० मिलिमीटर, पण वजन १८० किलोच्या वर. आणि मे २०१९ मध्ये हिरोने पुन्हा प्रयत्न केला, एक्सपल्स २००. कार्ब्युरेटरवाली ९७ हजाराला, वजन दीडशे किलोच्या आसपास, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक. यावेळी गिऱ्हाईक होतं. आता २०२५ पासून तिची २१० सीसी, लिक्विड-कूल्ड आवृत्ती आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सीसी जरा बाजूला ठेवा. पहिलं विचारा, माझं रान नेमकं कुठलं? आपल्याकडे तुंगारेश्वर अभयारण्य आहे, तिथे वाट सोडून गाडी घालायची नाही, विषय संपला. अर्नाळा, कळंबच्या वाळूतही नको. खारं पाणी चेन आणि बेअरिंग खातं, आणि तिथे लोकांचे बोंबील वाळत असतात. मग उरतात पाड्यांचे कच्चे रस्ते, घाट आणि पावसाळ्यातले खड्डे. तेवढ्यासाठी साधी १२५ सीसी गाडीसुद्धा ताशी ३० ने जातेच. लांब सस्पेन्शन आणि २१ इंची चाकाने तुम्ही तिथून फुटपेगवर उभं राहून ५० ने जाता. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडावरून सहज चढतं. बदल्यात ट्रॅफिकमध्ये वळताना ते जरा आळशी वाटतं.

दुसरं वजन. चिखलात गाडी पडणारच, आणि ती एकट्याने उचलायची आहे. शिकणाऱ्याला दीडशे आणि दोनशे किलोमधला फरक पहिल्याच पावसाळ्यात कळतो. माझं मत विचाराल तर पहिली गाडी हलकीच हवी. वर्षभर नुसती हायवेने गोवा-गुजरात करणार असाल तर हिमालयनच्या जातीचा विचार करा, पण मग स्वतःला रानाचं कारण देऊ नका.

तिसरं, टायर. या गाड्यांना बहुधा तारांची चाकं आणि ट्यूब असते. रात्री मनोरच्या आसपास पंक्चर झालं तर चाक खोलावं लागतं, म्हणून ट्यूबलेसचा पर्याय आहे का ते विचारा. एबीएसही बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, पण रानात मागचं चाक लॉक करता आलं तर बरं, तेव्हा मागचं बंद करता येतं का हे विचारून घ्या. पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावर ४०. ऑन-रोड किमतीत ही रेष ठळक दिसते.

आणि टेस्ट राइडला रोजचेच बूट घालून जा. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकायला हवेत. मग घरातल्या ज्या माणसाला रोज स्टेशनला सोडता, त्यांना मागे चढायला सांगा. इम्पल्स बऱ्याच घरांत तिथेच अडली होती.