मॅक्लॉरिन खटला : वर्गालगतच्या खोलीतील विद्यार्थी

‘स्वतंत्र, पण समान’ हे सूत्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात मान्य केले. पुढे अर्धशतक दक्षिणेकडील राज्यांची शिक्षणव्यवस्था त्यावरच उभी होती. या सूत्रावरील पहिले आघात पदव्युत्तर शिक्षणाच्या क्षेत्रात करावेत, या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या धोरणात मोठी व्यवहारदृष्टी होती. मुलांसाठी दुसरी शाळा, ती कितीही दरिद्री असो, राज्यास दाखविता येत असे. मूठभर विद्यार्थ्यांसाठी दुसरे विद्यापीठ उभारणे त्यास परवडणारे नव्हते.

जॉर्ज मॅक्लॉरिन यांचे प्रकरण मात्र याहून सूक्ष्म आहे. शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळविण्यासाठी त्यांनी ओक्लाहोमा विद्यापीठाकडे अर्ज केला. मिश्र वर्गात शिकविणे वा शिकणे हाच त्या राज्यात गुन्हा असल्याने तो फेटाळला गेला. १९४८ मध्ये न्यायालयाच्या निर्णयामुळे त्यांना प्रवेश मिळाला. परंतु त्यांचे आसन वर्गालगतच्या खोलीत मांडण्यात आले. ग्रंथालयात वाचनकक्षाऐवजी पोटमाळ्यावर मेज, उपाहारगृहात वेगळी वेळ आणि वेगळे टेबल. (महाराष्ट्रातील ज्या वाचकांना शाळेच्या ओसरीवर बसविलेल्या अस्पृश्य मुलांचा इतिहास ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याचे कारण नाही.) पुढे त्यांना वर्गात घेतले, ते कठड्याआड, त्यावर ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’ अशी पाटी होती. तीही नंतर काढण्यात आली, पण वेगळी रांग राहिली.

येथे विषमता दाखविणे सोपे नव्हते. अध्यापक तेच, व्याख्यान तेच, ग्रंथही तेच. तरीही ५ जून १९५० रोजी सरन्यायाधीश व्हिन्सन यांनी एकमताचा निकाल देताना म्हटले की, सहाध्यायांशी चर्चा व विचारविनिमय करण्यास अटकाव झाल्याने या विद्यार्थ्याचे अध्ययनच खुंटते. आणि तो उद्या इतरांचा शिक्षक होणार असल्याने ही हानी त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही. विद्या म्हणजे केवळ श्रवण नव्हे, ही गोष्ट एका न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे मान्य करावी, हे या निकालाचे खरे महत्त्व होय.

निर्बंध उठले तरी सहाध्यायी त्यांना जवळ करतीलच असे नाही, हा आक्षेपही न्यायालयाने विचारात घेतला. व्यक्तींनी दूर राहणे वेगळे आणि राज्याने एकत्र येण्यास बंदी करणे वेगळे, असे त्याचे उत्तर होते. प्लेसीचे सूत्र मात्र या निकालाने रद्द झाले नाही. सार्वजनिक शिक्षणापुरते ते १९५४ च्या ब्राऊन खटल्यात गेले, आणि त्या निकालात मॅक्लॉरिन खटल्याचा आधार घेण्यात आला.