निसटणारी नळी

मागच्या भागात आपण डायलिसिसच्या मशीनबद्दल बोललो. आज मशीन बाजूला ठेवू आणि नळीबद्दल बोलू. कारण हा सगळा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहतं, की मशीन आधी आलं खरं, पण किडनी कायमची गेलेली माणसं वर्षानुवर्षं जगायला लागली ती नळी जागेवर टिकायला लागल्यावर.

विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात १९४३ साली मशीन चालवलं, तेही महायुद्ध सुरू असताना. पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडायची आणि काम झालं की ती बाद. हातापायांवर अशा जागा असून असून असणार किती? किडनी तात्पुरती बंद पडली असेल तर निभायचं. कायमची गेली असेल तर जागा संपल्या की उपाय संपला.

१९६० साली अमेरिकेत, सिअ‍ॅटलला, डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हाताच्या धमनीत एक आणि शिरेत एक अशा टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवल्या. डायलिसिस नसेल तेव्हा दोन्ही टोकं बाहेरून जोडून टाकायची, रक्त फिरत राहतं. त्यांचा पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स यानंतर ११ वर्षं जगला.

टेफ्लॉन म्हणजे तेच, आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं. त्याला रक्त सहज चिकटत नाही, म्हणून ते निवडलं. पण गंमत बघा, ज्याला रक्त चिकटत नाही त्याला मांसही धरून ठेवत नाही! हिसका बसून टोक सुटलं तर धमनीतलं रक्त थेट बाहेर. शिवाय नळीच्या कडेने जंतूंना आत जायला वाट मोकळी.

पोटातल्या डायलिसिसचं दुखणं तसंच होतं. पोटात पाणी सोडायचं आणि रक्तातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं, त्यासाठी दर वेळी पोटाला नवं भोक. सिअ‍ॅटलचेच डॉ. हेन्री टेंकहॉफ यासाठी पेशंटच्या घरी जायचे. १९६८ साली त्यांनी सिलिकॉनच्या मऊ नळीवर डेक्रॉनचे दोन कफ बसवले. (खोकल्यातला कफ नव्हे हो, शर्टाच्या बाहीला असतो तसा.) डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, टेरिकॉटच्या शर्टात असायचं तेच. त्याच्या नमद्यासारख्या धाग्यांत शरीराचं मांस वाढत जातं आणि नळीला आतून धरून ठेवतं. जंतूंची वाटही अडते. शरीर परकी वस्तू दिसली की तिच्याभोवती व्रण तयार करतं, टेंकहॉफनी त्याच खोडीला कामाला लावलं. मला या सगळ्या कथेत मशीनपेक्षा हीच युक्ती जास्त आवडते.

पुढे रक्ताच्या डायलिसिसच्या नळीलाही असाच कफ आला. आपल्याकडे तिला सगळे परमकॅथ म्हणतात. माझ्या मामांच्या छातीवर ती होती, तेव्हा टी-शर्ट घालायला घरात बंदी होती, पुढून बटणं असलेलाच शर्ट. कारण मांस कफमध्ये रुजायला काही आठवडे लागतात, तोवर सगळी भिस्त टाक्यांवर. कफ त्वचेबाहेर दिसायला लागला तर समजायचं, नळी सरकलीय. ती आपल्या हाताने आत ढकलायची नाही, तशीच चिकटपट्टीने धरून हॉस्पिटल गाठायचं. आणि पूर्ण निघालीच तर पेशंटला आडवं करायचं, जागा घट्ट दाबून धरायची आणि लगेच इमर्जन्सी.

कफ आला म्हणून सरकणं थांबलं असं मात्र नाही. सरळ घडवलेली सिलिकॉनची नळी पोटात वाकवून बसवली, तरी तिला स्वतःचा मूळ आकार आठवत असतो. ती हळूहळू सरळ होऊ बघते, आतलं टोक ओटीपोटातून वर जातं, पाणी नीट निघत नाही, आणि बाहेरचा कफ त्वचेतून डोकावतो. १९८० च्या दशकात मिसुरीमध्ये डॉ. त्वार्दोव्स्की यांनी नळी मुळातच वाकडी घडवली, दोन्ही टोकं खाली वळलेली. आकारावरून तिचं नाव पडलं हंसमान, आणि ती आजही वापरात आहे.