जुन्या छोट्या ट्रॅक्टरची निगा आणि बारमाही वापर

बैलजोडीचा चारा, पेंड आणि सालदाराचा खर्च न झेपणारा, पण मोठ्या ट्रॅक्टरचे हप्तेही न पेलणारा दोन-चार एकरांचा शेतकरी परभणी जिल्ह्यात गावोगाव भेटतो. जिंतूर-सेलूकडील कोरडवाहू पट्टा असो वा पाथरी-मानवतकडील जायकवाडीच्या कालव्याखालील बागायत, अशा शेतकऱ्यापुढे पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर हा एक व्यवहार्य पर्याय ठरतो. मात्र तो वर्षातून केवळ पेरणीचे चार दिवस चालला तर अंगावर पडतो. शेत, गोठा, खळे आणि बाग अशा चारही ठिकाणी तो बारा महिने राबला, तरच त्याची किंमत वसूल होते.

अमेरिकेत घरामागच्या आवारासाठी म्हणून खास छोटे ट्रॅक्टर निघाले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ १९६१ मध्ये आणि जॉन डिअरचा ‘११०’ हा नमुना १९६३ मध्ये बाजारात आला. हिरवळ कापणे आणि बर्फ सारणे ही त्यांची मुख्य कामे. आपल्याकडे मोठा ट्रॅक्टरच दुर्मीळ होता, तेव्हा हौसेच्या ट्रॅक्टरचा प्रश्नच नव्हता. मराठवाड्याच्या बांधावर छोट्या ट्रॅक्टरचे काम केले ते एक सिलिंडरच्या आयशरने, एचएमटी २५११ ने, स्वराज ७२४ ने; आणि त्याहून लहान अशा ‘मित्सुबिशी शक्ती’ने. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानी सहकार्याने आणलेला हा साडेअठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर फळबागेतून सहज फिरतो. महिंद्राचा पंधरा अश्वशक्तीचा ‘युवराज २१५’ हा २०१० च्या सुमारास आला. त्याच्या पहिल्या खेपेतील यंत्रेही आता ‘जुनी’ या वर्गात मोडू लागली आहेत.

जुना ट्रॅक्टर घेताना रंगावर जाऊ नये. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल तर शंकेला जागा आहे. धूर सतत निळा येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. भाराखाली काळा धूर दाटत असेल तर हवा कमी पडते किंवा नोझल बिघडले आहे. ब्रीदरमधून फसफस धूर येत असेल तर रिंग-पिस्टनचे काम निघाले असे समजावे. मागे एखादे जड औजार उचलून धरावे आणि इंजिन बंद करून किती वेळात खाली येते ते पाहावे. पुढचा अ‍ॅक्सल हलवून मधल्या पिनेचा खेळ तपासावा. चेसिस व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळवावेत आणि कर्जाचा बोजा उतरला आहे का, याची खात्री करून घ्यावी.

काळ्या जमिनीच्या प्रदेशात इंजिनाचा खरा शत्रू धूळ होय. सोयाबीनच्या मळणीत उडणारा भुसा आणि उन्हाळी वखरणीतील माती एअर क्लीनरमधून आत शिरली, की ती ऑइलशी मिसळून सिलिंडर घासणाऱ्या लेपासारखे काम करते. जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा ऑइल-बाथ प्रकारचा एअर क्लीनर असतो. त्याची वाटी हंगामात रोज उघडून पाहणे हा दहा मिनिटांचा उद्योग आहे. तळाशी गाळ साचला असेल तर वाटी डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. ‘थोडे जास्त असले तर बरे’ ही समजूत इथे घातक ठरते. खुणेच्या वर भरलेले ऑइल इंजिन ओढून घेते आणि प्रसंगी चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप चिरला असेल तर वाटी कितीही स्वच्छ ठेवली तरी उपयोग नाही. हा पाइप स्वस्त आहे, तरीही तो सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, हे आश्चर्यच.

डिझेलबाबत साधा नियम असा, की ड्रम किंचित तिरपा ठेवावा आणि तळाचे डिझेल कधीही टाकीत ओतू नये. पावसाळ्यात तळाशी पाणी साठते. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर इंजेक्शन पंपातील हवा काढावी लागते. हे काम मालकाने स्वतः शिकून घ्यावे, पण पंपाचे कॅलिब्रेशन मात्र जाणकारावरच सोपवावे. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू अडकतात. ते आतून बाहेर हवा मारून काढावेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आणि हिवाळ्यात एक आकडी तापमानापर्यंत उतरणाऱ्या या जिल्ह्यात बॅटरीची दोन्हीकडून परीक्षा होते. पौषातील पहाटे स्टार्टर रडू लागला, तर दोष बहुतेकदा बॅटरीच्या टोकांवर जमलेल्या पांढऱ्या क्षारात असतो.

साधनांच्या बाबतीत मोठ्याची नक्कल करण्याचा मोह टाळावा. अठरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तीन ते साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर पुरतो. खोल नांगरट हे त्याचे काम नव्हे. ती तीन-चार वर्षांतून एकदा भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करून घ्यावी. जून-जुलैत वापसा येण्याआधी शेतात घातलेला हलका ट्रॅक्टरही काळ्या मातीत रुततो आणि जमीन दाबून टाकतो. पेरणीनंतर कोळपणीसाठी मागील चाकांमधील अंतर पिकाच्या ओळींना जुळवून घ्यावे लागते. कपाशीच्या रुंद ओळीत हे सोपे, सोयाबीनच्या ४५ सेंटिमीटरच्या ओळीत अवघड. म्हणूनच १९७२ साली स्थापन झालेल्या आणि २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचे नाव मिळालेल्या परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने प्रसार केलेल्या रुंद वरंबा सरी पद्धतीत सोय आहे. चाके सरीतून चालतात आणि पीक वरंब्यावर राहते. बागेत फवारणीचा पंप, गोठ्याजवळ कडबाकुट्टी, शेणखताची छोटी ट्रॉली आणि बांधावरचे गवत कापणारे यंत्र एवढ्यावर उरलेले वर्ष निघते. जोडणीच्या पिना मात्र योग्य मापाच्याच वापराव्यात. जाड पिनेऐवजी बोल्ट ठोकून चालवलेले औजार ऐन रस्त्यात सुटते.

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढण्याची पाळी येते. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्याला टँकरचा मोठा आधार घ्यावा लागला. इथे हिशेब नीट करावा. तीन हजार लिटर पाणी म्हणजे तीन टन, टाकी व गाडा वेगळा. आणि अगदी लहान ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन एक टनाहूनही कमी असते. सपाटीवर तो ओढेलही, पण उतारावर तो भार ट्रॅक्टरला ढकलू लागतो. अर्धी भरलेली टाकी तर हेलकावे खाऊन अधिकच धोकादायक होते. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खिटीने एकत्र बांधलेले असावेत आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखेच लागावेत. ओढायचा भार नेहमी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावा. तो वरच्या बिंदूला बांधला, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. जुन्या यंत्रांवर चालकाला वाचवणारी चौकट नसते.

तितकाच गंभीर धोका पीटीओच्या फिरत्या दांड्याचा. मिनिटाला ५४० फेरे घेणारा हा दांडा उपरणे किंवा साडीचा पदर ओढून घ्यायला क्षणही लावत नाही. मळणीयंत्रांवरील अपघातांमुळे संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही दांड्यावरचे आवरण ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलेले दिसते. ते पुन्हा बसवणे हा जुन्या ट्रॅक्टरवरचा पहिला खर्च असावा. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला तरी रोटाव्हेटरच्या वेगाने यंत्र पुढे सरकत राहते, हेही चालकाने ध्यानात ठेवावे.

कागदपत्रांचे म्हणाल, तर शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. परभणीचा ‘एमएच २२’ क्रमांक असलेला जुना ट्रॅक्टर घेताना ही मुदत कधी संपते, ते पाहूनच भाव ठरवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. झिजलेले मागचे टायर बदलायचे लांबणीवर टाकलेल्यांना त्याचा उपयोग होईल.

खंडेनवमीला औजारांसोबत ट्रॅक्टरही धुतला जातो. त्या वेळी डायनॅमो आणि एअर क्लीनरच्या तोंडावर पाण्याचा फवारा मारू नये. धुऊन झाल्यावर प्रत्येक निपलमध्ये ग्रीस भरावे. पावसाळ्यात यंत्र बरेच दिवस उभे राहणार असेल तर क्लचचे पेडल दाबून त्याखाली लाकडाची खिटी लावून ठेवावी. अन्यथा दमट हवेत क्लचची प्लेट चिकटून बसते आणि उघडीप मिळताच ट्रॅक्टर गिअरमध्येच पडत नाही.